धागा: क्यू तुंबला की रिस्टार्टच्या आधी काय बघायचं? – मेल सर्व्हरवाल्यांची रोजची हत्यारं

रांगोबा (धागाकर्ता)

"मेल जात नाहीये" अशी तक्रार आली की बहुतेकांचा हात आधी सर्व्हिस रिस्टार्टकडे जातो. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये त्याचा काडीचा उपयोग नाही. क्यू (जायच्या राहिलेल्या मेलची रांग) डिस्कवर असतो, तो रिस्टार्टने हलत नाही. उलट कुठले सर्व्हर सध्या बंद आहेत याची यादी क्यू मॅनेजर मेमरीत ठेवतो, ती पुसली जाते आणि तो त्याच मेलेल्या सर्व्हरांची दारं पुन्हा पहिल्यापासून ठोठावत बसतो.

आधी क्यू बघा. "पोस्टक्यू -पी" सगळ्यांना ठाऊक असतं. त्यात आयडीपुढे चांदणी असेल तर मेल ॲक्टिव्ह क्यूमध्ये (आत्ता पाठवायच्या मेलमध्ये) आहे, उद्गारचिन्ह असेल तर होल्डवर, म्हणजे मुद्दाम थांबवलेली. पण आठशे मेलची यादी डोळ्यांनी वाचून काही कळत नाही. त्यासाठी "क्यूशेप" आहे, आणि ते फार कमी लोक वापरतात. काही लिनक्स वितरणांत ते वेगळ्या पॅकेजमध्ये असतं, नसेल तर टाकून घ्या. "क्यूशेप डिफर्ड" (डिफर्ड म्हणजे एकदा न गेल्याने पुढच्या प्रयत्नासाठी थांबलेल्या मेल) चालवलं की असं काहीसं दिसतं:

डोमेन | एकूण | ५ | १० | २० | ४० | ८० | १६०
सगळे | ६४० | १२ | १८ | ३५ | ७५ | १४० | ३६०
मोठं डोमेन | ६०१ | १० | १५ | ३१ | ७० | १३१ | ३४४
बाकीचे | ३९ | २ | ३ | ४ | ५ | ९ | १६

वरचे आकडे मिनिटं आहेत, दर रकान्याला दुप्पट. मेल किती वेळ पडून आहे त्याप्रमाणे ती त्या रकान्यात जाते. वरच्या चित्रात ६४० पैकी ६०१ मेल एकाच डोमेनच्या आहेत आणि त्या तीन तासांत हळूहळू साचल्यात. म्हणजे आपला सर्व्हर ठीक आहे, समोरचा हात आखडता घेतोय. त्या डोमेनच्या एका मेलचा ४ ने सुरू होणारा (तात्पुरत्या नकाराचा) कोड लॉगमध्ये वाचा, कारण तिथेच लिहिलेलं असतं.

शंभर वेगवेगळी डोमेन आणि सगळ्यांत थोड्या थोड्या मेल असतील तर दुखणं आपलं: डीएनएस रिझॉल्व्हर (डोमेनचे पत्ते शोधून देणारा) किंवा फायरवॉलवर बंद झालेलं पोर्ट २५ (मेल जायचं दार). कधी नाव न ऐकलेली डोमेन असतात आणि "क्यूशेप -एस डिफर्ड" मध्ये पाठवणाऱ्याच्या जागी मेलर-डेमन (सर्व्हर स्वतः सूचना पाठवतो ते नाव) दिसतो. तेव्हा आपण खोट्या पत्त्यांना बाउन्स (मेल पोचली नाही असं सांगणारी परतमेल) पाठवत बसलोय. अस्तित्वात नसलेला प्राप्तकर्ता दारातच नाकारायला हवा होता, तो आत घेऊन मग परत पाठवला जातोय.

ॲक्टिव्ह भरलाय आणि डिफर्ड रिकामा, तर मागे लावलेला स्पॅम किंवा व्हायरस फिल्टर धापा टाकतोय. इनकमिंग (नुकत्याच आत आलेल्या मेलचा क्यू) फुगला असेल तर बहुतेक वेळा डिस्कचा वेग.

अजून एक. डिफर्ड मेलचा पुन्हा प्रयत्न मुळात (आपण सेटिंग बदललं नसेल तर) ३०० सेकंदांपासून ४००० सेकंदांपर्यंत वाढत्या अंतराने होतो आणि ५ दिवसांनी बाउन्स येतो. मधल्या काळात पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण "डिले वॉर्निंग टाइम" (उशिराची सूचना किती वेळाने द्यायची ते) मुळात शून्य, म्हणजे बंद, असतो. तो ४ तासांवर ठेवा. मात्र आधी हेल्पडेस्कला सांगून ठेवा. लोक त्या सूचनेलाच बाउन्स समजतात आणि तीच मेल तीनदा पाठवतात.

पाचशेपन्नास

क्यूशेपला +१. पण त्याच्याही आधी लॉगमधली "डिलेज" ही नोंद वाचायला शिका. प्रत्येक डिलिव्हरीच्या ओळीत ती असते आणि लोक तिच्यावरून सरळ पुढे जातात:

डिले=३१, डिलेज=०.०६/०.०१/३०/०.५

चार आकडे, चार टप्पे. पहिला: मेल आत येऊन क्यू मॅनेजरच्या हाती पडेपर्यंतचा वेळ. दुसरा: क्यू मॅनेजरमध्ये थांबण्याचा. तिसरा: कनेक्शन जुळवण्याचा, त्यात डीएनएस, नमस्कार-चमत्कार आणि टीएलएस (कनेक्शनचं कूटबद्धीकरण) सगळं आलं. चौथा: प्रत्यक्ष मेल ओतण्याचा.

वरच्या ओळीत तिसरा आकडा बरोब्बर ३० आहे आणि तो योगायोग नाही. कनेक्ट टाइमआउट मुळात ३० सेकंदांचाच असतो. म्हणजे पहिला पत्ता लागलाच नाही, ३० सेकंद वाट पाहून दुसऱ्या पत्त्यावर गेला आणि अर्ध्या सेकंदात काम झालं. नेहमीचं कारण: सर्व्हरला आयपीव्ही६ चा पत्ता आहे पण बाहेर जायचा रस्ता नाही. रस्ता दुरुस्त करा, नाहीतर "इनेट प्रोटोकॉल्स" मध्ये फक्त आयपीव्ही४ ठेवा.

दुसरा आकडा मोठा असेल तर एकाच डोमेनकडे खूप मेल आहेत आणि एका वेळी २० कनेक्शनची मर्यादा आड येतेय. ती वाढवायची घाई करू नका. समोरचा आधीच कुरकुरत असेल तर ती कमी करावी लागते. पहिला मोठा असेल तर मिल्टर (मेल आत येतानाच तपासणारा जोडप्रोग्राम) किंवा क्यूच्या आधी बसवलेला फिल्टर तपासा.

चौथा मोठा असेल आणि लहान मेल जातात, पण अटॅचमेंटवाल्या अडकतात, अशी तक्रार असेल तर ते एमटीयूचं (एका पॅकेटच्या कमाल आकाराचं) लक्षण. कुठेतरी फायरवॉल आयसीएमपी (नेटवर्कचे अडचण सांगणारे निरोप) सरसकट गिळतोय, त्यामुळे मोठं पॅकेट वाटेत हरवतं आणि "छोटं कर" हा निरोप परत येत नाही. टनेलमधून जाणाऱ्या शाखा कार्यालयांत हे हमखास. मग "टाइम्ड आउट व्हाइल सेंडिंग मेसेज बॉडी" अशी ओळ येते. ती ओळ "एंड ऑफ डेटा" म्हणत असेल तर मामला वेगळा: समोरच्याने मेल पूर्ण घेतली, पण पोच द्यायला उशीर केला. आपण पुन्हा पाठवतो आणि त्याच्याकडे एकच मेल चारदा पोचते. "एकच मेल पुन्हा पुन्हा येतेय" या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

गोगलगाय

उपयुक्त धागा. दोन शंका. "पोस्टक्यू -एफ" ने फ्लश केलं तर काय बिघडतं? आणि एका खात्याचा पासवर्ड फुटून त्यावरून स्पॅम सुटला, तर बाकीच्यांच्या मेलला धक्का न लावता तेवढ्याच कशा काढायच्या?

रांगोबा

फ्लश म्हणजे डिफर्डमधल्या सगळ्या मेल एकदम ॲक्टिव्हमध्ये ओतणं. ज्या जाणारच नाहीत त्या जागा अडवतात आणि चांगल्या मेल त्यांच्यामागे उभ्या राहतात. क्रॉनमध्ये दर पाच मिनिटांनी फ्लश लावलेले सर्व्हर असतात, त्यांचं दुखणं तेच असतं. डीएनएस दुरुस्त केल्यावर एकदा मारायला हरकत नाही. एकाच डोमेनपुरतं हवं असेल तर "पोस्टक्यू -एस" आणि पुढे डोमेन. ही सोय मुळात ज्या डोमेनसाठी आपण मेल रिले करतो त्यांच्यापुरतीच चालते.

आता फुटलेलं खातं. क्रम महत्त्वाचा आहे.

लॉगमध्ये "सॅसल युजरनेम" (लॉगिन केलेल्या खात्याचं नाव) शोधून, मोजून, उतरत्या क्रमाने लावा. सर्वात वर जे खातं हजारांत दिसेल ते तुमचं. पाठवणाऱ्याचा पत्ता बघून खातं ठरवू नका, तो खोटा असू शकतो. मग पासवर्ड बदला. एवढ्याने भागत नाही: डोव्हकॉटने (मेलबॉक्स आणि लॉगिन सांभाळणाऱ्या सर्व्हरने) जुना पासवर्ड कॅशमध्ये धरून ठेवलेला असू शकतो. "डोव्हॲडम ऑथ कॅश फ्लश" चालवा, मग "डोव्हॲडम किक" ने उघडी आयमॅप (मेल वाचायची) सत्रं तोडा. एसएमटीपीचं (मेल पाठवायचं) आधीच लॉगिन झालेलं कनेक्शन पासवर्ड बदलला तरी चालूच राहतं, म्हणून त्या आयपीला फायरवॉलवर अडवा.

आता क्यू. "पोस्टक्यू -जे" (पोस्टफिक्स ३.१ पासून) प्रत्येक मेलची एक जेसन ओळ देतं. ती "जेक्यू" या जेसन गाळणाऱ्या हत्यारातून गाळून फक्त त्या सेंडरचे क्यू आयडी काढा आणि "पोस्टसुपर -एच -" कडे पाइप करा. लहान एच म्हणजे होल्ड. लगेच -डी (डिलीट) नको. होल्डवर गेलेल्या दोन-चार मेल "पोस्टकॅट -क्यू" ने उघडून बघा, सगळ्या स्पॅमच आहेत ना याची खात्री करा, मग काढा. चुकून चांगल्या गेल्या असतील तर मोठ्या एचने सुटतात. काढलेली मेल परत येत नाही.

आणि "एनेबल लाँग क्यू आयडीज" आजच "येस" करा. जुन्या पद्धतीचे छोटे आयडी पुन्हा पुन्हा वापरले जातात. तुम्ही यादी काढली, चहा प्यायलात, परत येऊन यादी डिलीटला दिली, तेवढ्या वेळात तोच आयडी एखाद्या नव्या मेलला लागलेला असू शकतो. गेली ती.

पाचशेपन्नास

एक पुरवणी. पुढच्या वेळी हे टाळण्यासाठी लोक "क्लायंट मेसेज रेट लिमिट" लावतात. ती मर्यादा आयपीवर मोजली जाते, खात्यावर नाही. सगळं ऑफिस एका नॅटमागे (बाहेरून एकाच आयपीमागे) असेल तर सगळे मिळून एकच गिऱ्हाईक. सकाळी दहाला अर्ध्या ऑफिसला ४५० चा कोड दिसू लागतो. खात्यागणिक मर्यादा हवी तर पॉलिसी सर्व्हर (मेल घ्यायची की नाकारायची ते पोस्टफिक्सला सांगणारा वेगळा प्रोग्राम) लागतो, नाहीतर आरस्पॅमडी या स्पॅम फिल्टरच्या रेटलिमिटमध्ये "युजर" ही बादली वापरा. शिवाय "रिजेक्ट सेंडर लॉगिन मिसमॅच" लावा, म्हणजे एका खात्याने लॉगिन करून दुसऱ्याच्या नावाने मेल सोडता येणार नाही. स्कॅनर आणि प्रिंटरची खाती आधी तपासून घ्या. ती हमखास बंद पडतात.

खिडकीवाला

लिनक्सवाल्यांनी धागा बळकावलाय, थोडं मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज मेल सर्व्हरबद्दल.

मेसेज ट्रॅकिंग (कुठली मेल कुठे गेली त्याचा लॉग) हे आमचं मुख्य हत्यार. त्यात दोन खड्डे आहेत. "गेट-मेसेजट्रॅकिंगलॉग" ला "रिझल्टसाइझ" दिला नाही तर तो १००० ओळींवर थांबतो. मोठ्या सर्व्हरवर त्या पहिल्या काही मिनिटांतच संपतात, आणि मग "लॉगमध्ये मेलच नाही" असा निष्कर्ष काढून माणूस मोकळा. "अनलिमिटेड" द्या, सुरुवातीची आणि शेवटची वेळ द्या, आणि एकापेक्षा जास्त सर्व्हर असतील तर सगळ्यांवर शोधा. दुसरा खड्डा वेळेचा: मूळ लॉग फायलींत यूटीसी असतो आणि शेलमध्ये स्थानिक वेळ. फायली थेट उघडल्या तर साडेपाच तास मिळवायचे.

डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शन लॉग (झालेल्या बदलांच्या नोंदी) फायली प्रत्येकी १ एमबीच्या असतात आणि मुळात पूर्ण किंवा इन्क्रिमेंटल बॅकअप नीट पार पडला की मगच छाटल्या जातात. बॅकअप गुपचूप फसत असेल तर पहिली खूण म्हणून लॉगची डिस्क भरत जाते आणि एक दिवस डेटाबेस डिस्माउंट होतो, म्हणजे बंद पडतो. त्या फायली हाताने उडवू नका. आधी बॅकअप का फसतोय ते बघा. त्याआधीची पायरी म्हणजे बॅक प्रेशर: जागा किंवा मेमरी कमी पडली की ट्रान्सपोर्ट (मेल वाहणारी सेवा) बाहेरच्या मेल ४५२ ४.३.१ देऊन थांबवतो. हा कोड दिसला की नेटवर्कवाल्यांना फोन करण्याआधी क्यू डेटाबेस असलेल्या ड्राइव्हची मोकळी जागा बघा.

रिस्टार्टने न सुटणाऱ्या क्यूचं जुनं उदाहरण हवं असेल तर १ जानेवारी २०२२. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ चे ऑन-प्रिमाइस (स्वतःच्या जागेत चालवलेले) सर्व्हर जगभर एकदम तुंबले. मालवेअर स्कॅनरच्या व्याख्येचा आवृत्ती क्रमांक तारखेवरून बनायचा. नव्या वर्षी तो २२०१०१०००१ झाला, आणि तो साठवला जात होता ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात, ज्याची कमाल २१४७४८३६४७. आकडा मावेना, स्कॅनर उठेना, मेल ट्रान्सपोर्ट क्यूमध्ये. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये एफआयपीएफएसच्या (त्याच स्कॅनरच्या) नोंदी वाचणाऱ्यांना पाच मिनिटांत कळलं. बाकीचे सर्व्हर रीबूट करत राहिले.

रोजच्या तपासणीला मायक्रोसॉफ्टचीच "हेल्थचेकर" स्क्रिप्ट चालवा. पॅच, टीएलएस, सर्टिफिकेट सगळं एका एचटीएमएल पानात येतं. आणि २०१६, २०१९ अजून चालवत असाल तर त्यांचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

चावडीवरचा

ब्लॉकलिस्टबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. "पोस्टस्क्रीन" (पोस्टफिक्सचा दारवान) मध्ये स्पॅमहाउसची झेन यादी (स्पॅमवाल्या आयपींची) लावताना बरेच जण फक्त नाव लिहितात. सर्व्हरचा रिझॉल्व्हर ८.८.८.८ सारखा सार्वजनिक असेल तर तिकडून १२७.२५५.२५५.२५४ हे उत्तर येतं. त्याचा अर्थ "तुमची विचारणा सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत आली, उत्तर देणार नाही". पण पोस्टफिक्सला काहीतरी उत्तर आलं एवढंच दिसतं, म्हणजे यादीत आहे, म्हणजे नाकारा. जगातली प्रत्येक मेल नाकारली जाते.

उपाय दोन, दोन्ही करा. सर्व्हरवरच "अनबाउंड" हा रिझॉल्व्हर बसवा आणि त्याला कुणाकडे फॉरवर्ड करू देऊ नका, नाहीतर परत तेच. आणि यादीच्या नावापुढे बरोबरचं चिन्ह देऊन १२७.०.०.[२..११] एवढीच उत्तरं ग्राह्य धरा.

पोस्टस्क्रीनची दुसरी बाजू: खोल चाचण्या, म्हणजे २२० च्या (सर्व्हरच्या पहिल्या नमस्काराच्या) नंतरच्या, सुरू करू नका असं माझं मत. त्या पास झालेल्या नव्या क्लायंटलाही पहिल्यांदा "नंतर ये" सांगितलं जातं. मोठे प्रदाते नंतर येतात ते दुसऱ्याच आयपीवरून, पुन्हा तीच चाचणी, आणि ओटीपीची मेल तासाभराने पोचते.

पाचशेपन्नास

अर्धवट सहमत. खोल चाचण्या सरसकट वाईट नाहीत, मोठ्या प्रदात्यांच्या आयपी रेंज ॲक्सेस यादीत "परमिट" केल्या की चालतात. पण त्या यादीची निगा राखायला कुणी नसेल तर बंदच बऱ्या. सुरुवातीची ६ सेकंदांची प्रीग्रीट चाचणी मात्र ठेवा. आपण नमस्कार करायच्या आधीच बोलायला लागणारे बॉट तिच्यात पुष्कळ सापडतात.

मात्रा_वेलांटी

ज्यांच्याकडे मराठी विषय असलेल्या मेल येतात त्यांच्यासाठी. "हेडर चेक्स" मध्ये विषयावर "बक्षीस" किंवा "वीजबिल थकीत" असा नियम देवनागरीत लिहून तो लागत नाही, कारण पोस्टफिक्स हेडर उलगडून बघत नाही. वायरवरून विषय येतो तो बेस६४ मध्ये (साध्या इंग्रजी अक्षर-अंकांत) गुंडाळलेला. त्या गुंडाळलेल्या मजकुरावर नियम लिहिणंही फसवं आहे: शब्दाच्या आधी एक अक्षर वाढलं तरी बेस६४ ची सगळी रचना सरकते. असे नियम आरस्पॅमडी किंवा स्पॅमअसॅसिनमध्ये लिहा, ते आधी उलगडतात.

दुसरं, विषयात मध्येच चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसण्याची तक्रार. एक गुंडाळलेला तुकडा जास्तीत जास्त ७५ अक्षरांचा असू शकतो. यूटीएफ-८ ची वेष्टणं वजा जाता बेस६४ ला ६० अक्षरं उरतात, म्हणजे ४५ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, तेव्हा एका तुकड्यात १५ चिन्हं, आणि काना-मात्रा-हलन्त सगळं वेगवेगळं मोजायचं. "कर्मचाऱ्यांच्या" हा एकच शब्द जवळपास तुकडा भरतो. मराठी विषय म्हणूनच तीन-चार तुकड्यांत येतो. नियम असा आहे की तुकडा चिन्हाच्या मधोमध तोडायचा नाही, पण पगारपत्रकं किंवा अलर्ट पाठवणाऱ्या घरगुती स्क्रिप्ट बाइट मोजून तोडतात. दोष मेल सर्व्हरचा नसतो. मूळ मेल "पोस्टकॅट -क्यू" ने उघडून विषयाची ओळ ॲप्लिकेशनवाल्यांना दाखवा, वाद मिटतो.

गोगलगाय

हे माहीतच नव्हतं, धन्यवाद. लॉग किती दिवस ठेवता सगळे? आमच्याकडे चार आठवडे आहेत.

चावडीवरचा

चार आठवडे कमी आहेत. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे भारतातल्या कंपन्यांना लॉग सलग १८० दिवस ठेवावे लागतात, आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. डेबियन लिनक्समध्ये लॉगरोटेट (जुने लॉग फिरवणारा प्रोग्राम) मुळातच साप्ताहिक, ४ प्रती असा असतो. तो २७ करा: २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, वर एक हाताशी. खिडकीवाल्यांकडेही (एक्स्चेंजच्या मेसेज ट्रॅकिंग लॉगला) मुळात ३० दिवस किंवा १००० एमबी, जे आधी भरेल ते. दिवस वाढवले पण साइझ तशीच ठेवली तर काही उपयोग नाही.

त्याच निर्देशांत घड्याळाचंही आहे: एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) टाइम सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी वेळ मिळवायची. घड्याळ पुढेमागे असेल तर दोन सर्व्हरचे लॉग जुळवताना कुठली मेल आधी गेली हेच ठरत नाही.

रांगोबा

एसपीएफचं (आपल्या डोमेनची मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्या डीएनएस नोंदीचं) थोडक्यात, कारण त्यावर वेगळा धागा होऊ शकेल. १० डीएनएस लुकअपची मर्यादा आहे, त्यात इन्क्लूडच्या (दुसऱ्या नोंदीच्या संदर्भाच्या) आतले इन्क्लूडही धरतात. पगाराची सेवा, सीआरएम, तिकीट सिस्टीम असं एकेक जोडत गेलं की एक दिवस अकरावा पडतो आणि अख्खा रेकॉर्ड पर्मएररमध्ये जातो, म्हणजे चुकीचा धरला जातो. उत्तम उपाय: प्रत्येक बाहेरच्या सेवेला वेगळं सबडोमेन. रोज ५००० च्या वर मेल जीमेलला जात असतील तर फेब्रुवारी २०२४ पासून एसपीएफ, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या तपासण्या फसल्या तर काय करायचं ते धोरण) तिन्ही लागतात, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवाव्या लागतात.

गोगलगाय

शेवटचं: नवीन सर्व्हर लाइव्ह करण्याआधी, खरी मेल न पाठवता, समोरचा आपल्याला घेतो का ते तपासता येतं का?

पाचशेपन्नास

"स्वाक्स" हे चाचणीचं हत्यार वापरा. त्याला "क्विट-आफ्टर" आणि पुढे "आरसीपीटी" दिलं की तो प्राप्तकर्त्यापर्यंतचं संभाषण करून डेटा न पाठवता बाहेर पडतो. सगळं बोलणं पडद्यावर दिसतं. टीएलएसचा ऑप्शन जोडा म्हणजे टीएलएस जुळतं की नाही तेही कळेल. चाचणी नव्या सर्व्हरच्या आयपीवरूनच करा, लॅपटॉपवरून केलेली निरर्थक.

एक मर्यादा आहे: डीकेआयएम, डीमार्क आणि रिव्हर्स डीएनएसवरून नकार देणारे बरेच जण मेल पूर्ण घेतल्यावरच नकार देतात. जीमेलचा ५५० ५.७.२५, म्हणजे पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारा) रेकॉर्ड नाही, तसाच उशिरा येऊ शकतो. तेव्हा आरसीपीटीला २५० ("ठीक") मिळालं म्हणून निर्धास्त होऊ नका. स्वतःच्या बाहेरच्या खात्यावर एक पूर्ण मेल पाठवा आणि तिचं "ऑथेंटिकेशन रिझल्ट्स" हेडर उघडा. त्यात तिन्हींपुढे "पास" हवं, आणि डीकेआयएमचं डोमेन तुमचंच हवं, मध्ये बसलेल्या रिलेचं नव्हे.